गुणवंतरावांचं विनाकारण धावणं

गुणवंतराव निकुरे यांना वाघ दिसला नव्हता. ही गोष्ट त्यांनी पंधरवड्यात तोंडी शंभरदा आणि लेखी चारदा सांगितली. पण नागभीडपासून पांढरटोलीपर्यंत एकानं तरी त्यावर विश्वास ठेवला असेल तर शपथ. "बत्तीस वर्सं हेडक्लार्की केली, एक जावक नंबर चुकला नाई. अन् आता म्हातारपनी लोक माह्या नावावर वाघ चढवून राह्यले!" असं ते तावातावानं सांगत. समोरचा सहानुभूतीनं मान हलवी, थोडा जवळ सरके आणि हळूच विचारी, "नर होता का मादी?"

इथे एक खुलासा केला पाहिजे. या भागात वाघच नाही, असं गुणवंतरावांचं म्हणणं मुळीच नव्हतं. असं म्हणणारा माणूस एकतर पुण्याहून आलेला असतो, नाहीतर तीन दिवस सफारीच्या जिप्सीत बसून हात हलवत परत निघालेला असतो. गुणवंतरावांचं म्हणणं साधं होतं. वाघ आहे, त्यानं खुशाल असावं. पण सोळा नोव्हेंबरला सकाळी सात वाजता तो पांढरटोलीच्या रस्त्यावर नव्हता, आणि आपण धावत होतो ते त्याच्यामुळे नव्हे.

मग कशामुळे? सगळं अडत होतं ते इथेच. बासष्ट वर्षांचा, आजोबा होण्याच्या वयाला आलेला, अंगावर इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस काही कारण नसताना धावतो, हे नागभीडला पटायला तयार नव्हतं.

कारण होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई गेल्या. चार दिवसांचा ताप झाला आणि संपलं. त्यानंतर गुणवंतरावांना जेवण गोड लागेना, पहाट होईतो डोळा लागेना. बायकोचं नाव ओठावर आलं की बोलणं अर्ध्यात तुटायचं, म्हणून त्यांनी नाव घेणंच सोडलं. मुलगा प्रणित कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात नोकरीला. महिन्यातून दोनदा यायचा. घरात उरले ते आणि इथल्या शाळेत शिकवणारी सून नीलिमा. तिचा स्वभाव मुळातच अबोल. "बाबा, चहा ठेवू?" "ठेव," एवढ्यावर त्या घराचा दिवस निघायचा.

डॉक्टर म्हणाले, फिरत जा. गुणवंतराव फिरू लागले. पण चालताना विचारही बरोबर चालतात, आणि त्यांना धापही लागत नाही, असा अनुभव आला. एके दिवशी वैतागून ते सरळ पळत सुटले. रस्त्याखालच्या पहिल्या मोरीपाशी छाती भात्यासारखी हलायला लागली तेव्हा थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की गेली दोन मिनिटं आपल्याला काहीच वाईट वाटलेलं नाही. दोन मिनिटं! वर्षभरात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रणितचे जुने बूट काढले, बाजारातून एक हाफपँट आणली आणि ऊन वर आल्यावर रीतसर धावायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून गावानं त्यांना सल्ले द्यायला घेतले. शेजारी लटारूभाऊ, ज्यांच्या धानाच्या खाचरांच्या बांध्या त्याच रस्त्याला लागून होत्या, ते भिंतीवरून म्हणाले, "गुडघ्याच्या वाट्या झिजतेत भाऊ. देवानं दोनच देल्ल्या." धान कापणाऱ्या बायांची म्होरकी चंदाबाई म्हणाली, "येवढा जोर हाये तं आमच्यासंगं दोन भारे बांधू लागा." मोटारसायकलवाले गाडी थांबवून विचारीत, "बसा ना भाऊ, कोन सिरियस हाये?" एस.टी.च्या ड्रायव्हरनं तर त्यांच्यासाठी दोनदा बस थांबवली. तिसऱ्यांदा कंडक्टरनं दंडाला धरून आतच ओढलं. हाफपँटीवर, दोन बायांच्या मधल्या सीटवर बसून गुणवंतराव ब्रह्मपुरीलाच पोचले असते. पुढच्या फाट्यावर भांडून उतरले. चालणाऱ्या माणसाला कोणी कारण विचारत नाही, झोपलेल्याला विचारत नाही, पानठेल्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या उभ्या असलेल्याला तर कोणीच विचारत नाही. धावणाऱ्यानं मात्र गावाला जबाब द्यायचा. हा कुठला न्याय, असं गुणवंतराव मनाशी घोकत आणि धावत.

सोळा नोव्हेंबरला त्यांनी पांढरटोलीच्या तलावापर्यंत न थांबता धावायचं ठरवलं. पुरे तीन किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं, लटारूभाऊंच्या बांधीत चंदाबाईच्या अकरा बाया कंबरेत वाकून कापत होत्या. गुणवंतरावांनी दुसरी मोरी ओलांडली, तिसरी ओलांडली, आणि तलावाची पाळ चढून ते वर पोचले तेव्हा पायही थकले नव्हते आणि दमही तुटला नव्हता. पाण्यावर ऊन पडलं होतं. इतका आनंद झाला की त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी वेळ कधी आली नव्हती. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढून हवेत गरागरा फिरवला, बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली आणि उतारावरून त्या आरोळीसकट खाली सुटले.

आता चंदाबाईच्या बाजूनं बघा. बाई खाली मान घालून कापते आहे. एकाएकी पाळीवरून आरोळी येते. मान वर करावी तर निकुरेसाहेबांसारखा मानाचा माणूस डोळे फाडून, दुपट्टा उडवत, बोंबलत अंगावर येतो आहे. चंदाबाईनं इळा टाकला आणि ओरडली, "वाघ आला वो माय!" अकरा बायांनी अकरा इळे टाकले आणि बांधाच्या धुऱ्यावरून पळत सुटल्या.

गुणवंतरावांनी काय पाहिलं? बारा बाया जिवाच्या आकांतानं पळताहेत आणि "वाघ, वाघ" म्हणताहेत. या भागात जन्मलेला माणूस अशा वेळी मागे वळून खात्री करत बसत नाही. तो आधी पळतो. गुणवंतराव आयुष्यात धावले नव्हते असे धावले. ते आणखी जोरात धावताना पाहून बायांची खात्रीच पटली की जनावर अगदी जवळ आलं. त्या धावत होत्या म्हणून ते धावले आणि ते धावत होते म्हणून त्या. रस्त्यावर लटारूभाऊंचा ट्रॅक्टर उभा होता. बाया ट्रॉलीत चढल्या आणि गुणवंतराव ट्रॅक्टरच्या टपावर. तिथे ते कसे गेले हे त्यांना अजून सांगता येत नाही. उतरवायला मात्र शिडी आणावी लागली.

"कुठी हाये?" त्यांनी टपावरून विचारलं.

"तुमच्या मांगं होता ना!" ट्रॉलीतून चंदाबाई म्हणाली.

"माह्या मांगं? तुमी पाह्यला?"

"तुमी पाह्यला म्हनून तं आमी धावलो!"

खरं म्हणजे प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण तोवर एका बाईला शेपटी आठवली होती आणि दुसरीला पट्टे. दुपारपर्यंत वाघाला दोन बछडे झाले. कोणीतरी शिडीवरचा फोटो काढून नागभीडच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. त्यात हाफपँटीतले गुणवंतराव पाठमोरे, एक पाय हवेत, आणि खाली लिहिलेलं की मृत्यूच्या दाढेतून परत. भद्रावतीहून व्याह्यांचा फोन आला. ते रडत होते. त्यांना समजावता समजावता गुणवंतरावांचाच आवाज चढला, तेव्हा व्याही नीलिमाला म्हणाले, धक्का बसला आहे, जपा त्यांना.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक दिनेश घरी आला. पोरगा हिरव्या वर्दीतला, नोकरीत नवा आणि बोलायला गोड. त्यानं छापील फॉर्म काढला.

"भाऊ, वाघ किती वाजता दिसला?"

"दिसला नाई."

"बरं. किती अंतरावर?"

"अरे, दिसलाच नाई तं अंतर कुठून आनू?"

"मंग धावले काऊन?"

"धावासाठी धावलो."

दिनेशचं पेन थांबलं. त्यानं फॉर्म उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "भाऊ, याच्यात तसा रकाना नाई."

रकाना नाही. हे वाक्य गुणवंतरावांनी बत्तीस वर्षांत हजारो लोकांना ऐकवलं होतं, चहाचा घोट घेता घेता. समोरून ऐकताना ते इतकं लागतं, हे त्यांना कोणी कधी कळवलं नव्हतं. त्यांनी वेगळ्या कागदावर सविस्तर निवेदन लिहून दिलं: सदर इसमास कोणताही वन्यप्राणी दिसला नसून तो विनाकारण धावत होता. दिनेशनं ते वाचलं, घडी घातली आणि 'साक्षीदार भेदरलेला' असा शेरा मारून फॉर्मला जोडलं.

मग ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा झाला. गुणवंतराव निकुरे यांच्यावर वाघानं झडप घातल्यामुळे, पुढील आदेशापर्यंत पांढरटोलीच्या रस्त्यानं सकाळ-संध्याकाळ एकट्यानं जाऊ नये, आणि धावू तर मुळीच नये! स्वतःचं नाव भोंग्यावरून, तेही अंगणात दाढी करताना ऐकणं फार वाईट. झाडांना कॅमेरे लागले. धान कापायला बाया जाईनात. लटारूभाऊंचं धान उभ्या उभ्या झडू लागलं, आणि गुडघ्यांवर बोलणारे लटारूभाऊ आता भिंतीवरून काहीच बोलेनासे झाले. ते जास्त वाईट होतं.

लोक भेटायला येऊ लागले. कोणी नारळ आणला. वाघापासून वाचलेल्या माणसाचा हात डोक्यावर ठेवला की पोरं भीत नाहीत, असं कोणीतरी उठवलं. रोज चार-पाच पोरं रांगेत. मोरीचा कठडा बांधून द्या म्हणून याच गुणवंतरावांनी सात वर्षं अर्ज केले, तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता न घडलेल्या गोष्टीबद्दल लोक पाया पडत होते.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण धावणं बंद झालं. त्यांनी अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या, साठाव्या फेरीला घेरी आली, आणि पलीकडून कोणी विचारलं, "भाऊ, किती परदक्षिना बोलल्या वाघोबाले?" गच्चीवर धावून पाहिलं, तर खाली भेटायला आलेले लोक वाघाच्या भीतीनं घरातून बाहेर पळाले. आठवड्याभरात त्यांची झोप पुन्हा उडाली. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. सत्यशीलाबाईंची आठवण यायची ती फक्त शेवटच्या चार दिवसांची. धावताना मात्र त्या साध्यासुध्या आठवायच्या, भाजी निवडताना, कोणावर तरी चिडलेल्या. ती बाई त्या रस्त्यावरच राहून गेली होती, आणि रस्ता बंद होता. गुणवंतराव भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

पंधराव्या दिवशी कॅमेरे उतरवले. त्यांत सतरा कुत्री, दोन रानडुकरं, एक नीलगाय आणि रोज सकाळी टमरेल घेऊन जाणारे लटारूभाऊ होते. गुणवंतराव आनंदानं उठून बसले. दिनेश म्हणाला, "फोटोत नाई म्हनजे वाघ भल्ला हुशार हाये, भाऊ." प्रकरण बंद करायचं तर ज्याच्यावरून ते सुरू झालं त्यानंच कारणासह माघार घ्यायची, आणि दोघांनी त्याला दुजोरा द्यायचा, असा त्याच्या वरच्या साहेबांचा निरोप होता. "पन ते मंग पाहू. आज पांढरटोलीच्या शाळेत तुमचा सत्कार हाये."

सत्काराला गाव लोटलं होतं. व्हरांड्यात बारा कापणीवाल्या बाया पुढे, लटारूभाऊ मागच्या खांबाला टेकून तोंड फिरवलेले, एका बाजूला शाळेतून परस्पर आलेली नीलिमा. शाल आली, श्रीफळ आलं. बोलणाऱ्यानं सांगितलं की वाघासमोर ज्यांनी धैर्य सोडलं नाही असे आपले गुणवंतराव. शाल खांद्यावर पडली तशी गुणवंतरावांनी ती ओढून खुर्चीवर फेकली.

"पुरे झालं! मले वाघ दिसला नाई! शेपटी नाई, पट्टे नाई, काईच नाई!" त्यांचा आवाज फाटला. "मी खुशीनं वरडलो! बायको गेल्याले साल झालं. सालभर मी मेल्यासारखा जगून राह्यलो. त्या दिवशी त्या पाळीवर मले पैल्यांदा बरं वाटलं, म्हनून वरडलो. मानसानं या गावात खुशीनं वरडू बी नाई का? त्याच्यावर पंचनामे करता, कॅमेरे लावता, भोंगे फिरवता! करा मंग, याच्यावर बी करा पंचनामा!"

गुणवंतरावांना भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

पुढे बसलेली चंदाबाई उठली. बाईनं आयुष्यात कोणासमोर मान खाली घातली नव्हती; आत्ता घातली. "साहेब, लिवा," ती दिनेशला म्हणाली. "वाघ आमी बी नाई पाह्यला. पैलं मीच वरडलो. पन मी बी काय करू? चाळीस वर्सं कापनीले जातो. बाप्या मानूस दारू पिऊन वरडते, भांडनात वरडते, मयतीत वरडते. खुशीनं वरडते, हे मी जलमात आयकलं नाई. मले वाटलं, याचा जीव चालला."

दिनेशनं लिहून घेतलं. "एक झाला. दुसरा पायजे."

"मी," नीलिमा म्हणाली. गुणवंतरावांनी चमकून पाहिलं. वर्गात शिकवायला उभी राहते तशी ती उभी होती, फक्त पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. "मी रस्त्यावर नव्हते. पण बाबा धावून आले की मागच्या अंगणात नळावर पाय धुतात. तेव्हा ते आमच्या आईंशी बोलतात."

"नीलिमा," गुणवंतराव ओरडले, "हे घरातलं हाये!"

"कोणाचं धान पिवळं झालं, तलावावर किती बगळे होते, कंडक्टरनं कसं आत ओढलं, सगळं सांगतात. नाव घेऊन सांगतात. त्याआधी वर्षभर आमच्या घरात आईंचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. मी मिक्सर बंद करून ऐकत असते." ती घाईनं पुढे म्हणाली, "पंधरा दिवस झाले, अंगणात सामसूम आहे. मलाही आईंची आठवण येते. मला कोणी विचारलं नाही, आणि मला सांगताही येत नाही. तो रस्ता उघडा."

दिनेशनं तेही लिहिलं. मग विचारलं, "भाऊ, कारन काय टाकू?"

बत्तीस वर्षांची सवय. गुणवंतरावांनी नाक पुसलं आणि मजकूर सांगितला: "सदर इसम आनंद झाल्यामुळे धावत होता. पूर्णविराम." चंदाबाईनं सही केली, नीलिमानं केली. लटारूभाऊ खांबापासून पुढे आले आणि कोणी मागितली नसताना तिसरी सही करून, "सकाळी कापनी लावतो," एवढं म्हणून निघून गेले.

घरी जाताना गुणवंतराव अर्धा रस्ता धुमसत होते. "चोरून आयकत होती!"

"हो."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलणं बंद केलं असतं," नीलिमा म्हणाली.

याचा त्यांना फार राग आला, कारण ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते धावून आले. मागच्या अंगणात नळ सोडला, पायांवर पाणी घेतलं, आणि स्वयंपाकघरात गरगरत असलेला मिक्सर गपकन बंद झाला. गुणवंतराव ताठ झाले. माणसाला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोशी दोन शब्द बोलायची सोय राहिली नाही, याला काय म्हणावं! त्यांनी खिडकीकडे रागानं पाहिलं. आतून बांगडीचासुद्धा आवाज येत नव्हता.

"सत्यशीला," ते म्हणाले, "लटारूभाऊची कापनी लागली." मग त्यांनी नळ बंद केला, घसा खाकरला, आणि आतपर्यंत नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं पुढचं सांगू लागले.